धायरीचे राजहंस

राजहंस या पक्ष्यावर माझा विश्वास नाही. तो आहे, थंड देशांतल्या तळ्यांवर पोहतो, त्याला पिल्लं होतात, हे सगळं मी मान्य करते. तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलंय, तेव्हा एवढं मान्य करणं भागच आहे. पण लग्नपत्रिकेवर, पैठणीच्या काठावर, सरस्वतीच्या पायाशी आणि मंगल कार्यालयाच्या कमानीवर जो मान वाकवून बसलेला असतो, त्याच्याविषयी मला पहिल्यापासून संशय आहे. इतका पांढरा, इतका शांत आणि शिवाय इतका शहाणा प्राणी माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही.

थंडी पडली की हा संशय वर येतो. यंदाही आला. मार्गशीर्ष लागला, पहाटे पायाशी गुंडाळून ठेवलेली दुसरी चादर ओढून घ्यावी लागली, स्वेटरांना डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला, आणि रात्री लावलेलं विरजण सकाळी तसंच पातळ राहिलं. भाजीवाल्याकडे हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या दिसू लागल्या. सदाशिव पेठेत थंडी अशीच येते, गाजावाजा न करता, पण आल्याचं प्रत्येकाला कळेल अशी. दुधाची पिशवी कापताना बोटांना गार लागलं आणि मला छबूताईची आठवण झाली. दर थंडीत होते.

माझा स्वभाव संशयी आहे, हे कुणी सांगायच्या आत मीच सांगून टाकते. कुलूप लावल्यावर मी ते दोनदा ओढून बघते. आंबा गोड असल्याची ग्वाही दिली की तो आंबा खाली ठेवते. डॉक्टर फार हसून बोलले तर घरी येऊन रिपोर्ट पुन्हा वाचते. आमचे हे ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणतात तेव्हा मी भाताचा कुकर लावून, तो उतरवून, वर कोशिंबीर करते. या स्वभावाने माझं फारसं काही बिघडलं नाही. दुसऱ्यांचं बिघडलं, ते सांगायला बसले आहे.

आमचे हे निवृत्त झाल्यापासून पक्षी बघतात. पूर्वी पेपर वाचायचे. दोन्हीत बसून राहण्याची सोय आहे. गेल्या रविवारी सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून म्हणाले, खडकवासल्याला हंस आलेत, चल. कोण म्हणालं, असं मी विचारलं. ग्रुपवर आलंय म्हणाले. मग नक्कीच नसतील, असं म्हणून मी शाल घेतली आणि निघाले.

धरणाच्या वरच्या अंगाला पाणी मागे सरून चिखलाची पट्टी उघडी पडली होती. कणसं भाजणारे अजून आले नव्हते, कालच्या कणसांची बुरखुंडं मात्र होती. पाण्यावर धुकं होतं आणि त्या धुक्यात वीस-पंचवीस करडे-पांढरे पक्षी चिखलात उभे होते. मी दुर्बीण घेतली. डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, पिवळी चोच, पिवळे पाय. पट्टकादंब. हिमालयापलीकडच्या उंच तळ्यांवर अंडी घालतात, थंडीत हिमालय ओलांडून खाली उतरतात, आपल्याकडच्या शेतांतला हरभरा आणि गहू कुरतडतात आणि उन्हं तापली की परत जातात.

“म्हणजे हंसच ना?” ह्यांनी विचारलं.

हो म्हणायला हरकत नव्हती, पण मी लगेच हो म्हणणाऱ्यांतली नाही. हंस या शब्दाखाली कोण कोण राहतं हे बघायला गेलं, तर आमच्या पेठेतल्या एका खोलीत चार-चार विद्यार्थी निघतात तसे पक्षी निघतात. जुन्या कोशकारांनी चोच आणि पाय बघून त्यांची वाटणी केली. अंग पांढरं आणि चोच-पाय लाल, तो राजहंस. चोच-पाय काळे, तो धार्तराष्ट्र, म्हणजे बिचाऱ्याला थेट कौरवांच्या घरात दिला. करड्या अंगाचा तो कादंब, नाहीतर कलहंस. कवितेत मात्रा बसत नसल्या की मराल. मानस सरोवराला घर म्हणतो तो मानसौकस. त्यात आपल्याकडे लांब गुलाबी पायांच्या रोहिताला, म्हणजे फ्लेमिंगोला, राजहंस म्हणणारेही पुष्कळ आहेत. इंग्रजीत ज्याला स्वान म्हणतात, तो लांब मानेचा पांढराशुभ्र पक्षी आपल्या देशात राहतच नाही. एखाद्या कडक हिवाळ्यात वाट चुकून पार वायव्येकडे उतरला तर पक्षीवाल्यांना गहिवरून येतं. मग तो आपल्या सरस्वतीपाशी कसा आला? छापील चित्रांबरोबर आला असावा असा माझा संशय आहे. आपल्या पूर्वजांनी आकाशातून ओळीने जाताना जो पाहिला आणि मानस सरोवराकडे निघालाय असं म्हटलं, तो हाच असणार, चिखलात उभा असलेला, पट्टेवाला, हरभरा खाणारा. इंग्रजीतला गूस आणि आपला हंस हे शब्द मुळात एकाच घरचे आहेत. तिकडे त्याला मूर्ख ठरवलं, इकडे विवेकी. पक्ष्याला दोन्हीतलं काही ठाऊक नाही.

ह्यांना एवढं सगळं ऐकवलं. ते म्हणाले, “म्हणजे हंसच.”

मी दुर्बीण परत डोळ्यांना लावली. सगळे माना खाली घालून चरत होते आणि एक जण मान उंच करून उभा होता. काही वेळाने त्याने मान खाली घातली, तेव्हा दुसऱ्या एकाने उंच केली. हंसाच्या कुळात ही रीतच आहे. थवा चरत असताना कुणीतरी एक उपाशी राहून संशय घेतो. त्याच्या संशयावर बाकीचे निवांत जेवतात. आळीपाळीने घ्यायचा असतो तो. मी मात्र आमच्या इमारतीत तो एकटीनेच घेतला, आणि माझ्या संशयाने कुणाचंही पोट भरलं नाही.

बारा-तेरा वर्षं झाली असतील त्या थंडीला. आमच्या आठ घरांच्या इमारतीत तेव्हा छबूताई दूध घालायची. धायरीची. पन्नाशीची बाई, नऊवारीवर नवऱ्याचं जुनं स्वेटर, डोक्याला घट्ट रुमाल, आणि मोपेडच्या दोन्ही बाजूंना गोधडीत गुंडाळलेल्या किटल्या. सव्वासहाला जिन्यात तिच्या मापट्याचा आवाज यायचा. मी पातेलं पुढे करायचे. दूध पडताना त्यातून वाफ निघायची, आणि म्हशीचा, पेंडीचा, थोडा धुराचा असा वास यायचा. पातेल्याला हात लावला की बोटं शेकायची. गार पडलेलं दूध दारात नेणं तिला कमीपणाचं वाटायचं. साडेचारला धार काढून, गोधडीत बांधून, ती सिंहगड रस्त्याने थंडीत कुडकुडत यायची, पण दूध कोमट आणायची. बाई, धारेचं हाय, असं रोज सांगायची. छबूताईची सगळी पत त्या एका वाक्यावर होती. पेठेतल्या दहा-बारा इमारती तिने पंधरा वर्षांत त्या वाक्यावर जोडल्या होत्या.

त्या डिसेंबरात साय पातळ येऊ लागली. आदल्या महिन्यात सुरीने कापावी लागायची, ती आता चमच्यावरून घसरायला लागली. एक दिवस बघितलं, दुसरा दिवस बघितला, तिसऱ्या दिवशी दारातच विचारलं. छबूताई म्हणाली, चांदी नवी व्यालीय आणि वैरण समदी हिरवी चाललीय, महिन्याभरात साय धरंल. चांदी ही तिची म्हैस. उत्तर लगेच आलं, म्हणून मला ते खोटं वाटलं. तेच जरा अडखळून आलं असतं, तर अडखळली म्हणून खोटं वाटलं असतं.

वर्गात मुलं दरवर्षी विचारायची, मॅडम, हंस खरंच दूध आणि पाणी वेगळं करतो का. मी फळ्यावर चोच काढून दाखवायचे. चोचीच्या कडांना आतून कंगव्यासारख्या पट्ट्या असतात. पाण्यासकट घास घ्यायचा, पाणी बाजूंनी बाहेर सोडायचं, दाणा-पाला आत ठेवायचा. हे कुणीतरी लांबून बघितलं असेल. शिवाय कमळाचा देठ मोडला की त्यातून पांढरा चीक येतो, त्यालाही क्षीरच म्हणतात, आणि तो देठ हंस पाण्याखाली मान घालून खातो. एवढ्या लांब मानेचा काही उपयोग हवाच. आपल्या मानेत सात मणके, जिराफाच्याही सातच, हंसाच्या मानेत वीसहून जास्त. बाकी दुधाची परीक्षा हंसाने दिलेली नाही, कारण त्याच्यापुढे दूध ठेवतो कोण, असं म्हणून मी धडा संपवायचे आणि मुलं हसायची. तो माझा ठरलेला विनोद होता.

त्या आठवड्यात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून लॅक्टोमीटर मागून आणला. बुडाला फुगीर, वर बारीक नळी आणि नळीवर खुणा असलेली काचेची वस्तू. चांगल्या दुधात ती उंच तरंगते, पाणी घातलेल्या दुधात खाली बसते. प्रयोगशाळेतले शिंदेमामा ती फडक्यात गुंडाळून देताना म्हणाले होते, दूध निवू द्या हां मॅडम, मगच टाका. मी मान डोलावली. शिंदेमामांना प्रत्येक वस्तूबरोबर काहीतरी सांगायची सवय होती. स्पिरिटचा दिवा नेला तरी ते सांगायचे, जपून, पेटतो.

दुसऱ्या दिवशी छबूताई तिसऱ्या मजल्यावर असतानाच मी दूध उंच भांड्यात ओतलं आणि काच आत सोडली. ती खाली खाली गेली आणि दुधाच्या खुणेच्या पुष्कळ खाली, पाण्याच्या अंगाला जाऊन थांबली. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर आनंद झाला. आपला संशय खरा ठरण्यासारखं सुख नाही, आणि त्या सुखाची मला आज लाज वाटते.

वरच्या मजल्यावरच्या साठेकाकांना मी बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून खुणा बघितल्या आणि म्हणाले, वा, आमच्या इमारतीत साक्षात राजहंस राहतो हे ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत हे नाव आठही घरांत झालं. ज्या पक्ष्यावर माझा विश्वास नव्हता, त्याचं नाव मला मिळालं, आणि मी ते घेतलं. इतकंच नाही, त्या नावाला शोभेल असं काहीतरी करून दाखवावं असं मला वाटायला लागलं.

समोरासमोर सांगितलं असतं तर छबूताईने काहीतरी उत्तर दिलं असतं. पण आमच्या पेठेत समोरासमोर कुणी सांगत नाही, पाटी लावतात. मी जाड पुठ्ठा घेतला, फळ्यावर लिहून वळणदार झालेल्या माझ्या अक्षरात मजकूर लिहिला आणि जिन्याच्या तोंडाशी दोऱ्याने टांगला. ‘या इमारतीतील दुधात पाणी घालण्यास येथील गृहिणी समर्थ आहेत. गवळ्यांनी तसदी घेऊ नये.’

जाता-येता लोक थांबून हसले. खालच्या मजल्यावरच्या मुलीने फोनवर फोटो काढला. दुपारी तो माझ्या बहिणीकडून मला आला, संध्याकाळी कॉलेजातल्या सहकाऱ्यांकडून, आणि दुसऱ्या दिवशी ज्या गल्लीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं तिथल्या कुणा ओळखीच्यांकडून. कुणीतरी खाली लिहिलं होतं, पेठेत धायरीचं दूध घेणाऱ्यांनी लक्ष द्यावे. मी दहा वेळा तो फोटो उघडून बघितला. अक्षर छानच आलं होतं.

सकाळी छबूताई पाटीसमोर उभी राहिलेली मी वरून बघितली. चौथीपर्यंत शिकलेली होती ती, वाचायला तिला वेळ लागला. मग ती वर आली, नेहमीसारखं दूध घातलं आणि किटलीचं झाकण लावून म्हणाली, “बाई, एक डाव आमच्याकडं या. तुमच्या डोळ्यादेखत धार काढते.” आवाज वर नव्हता. मी म्हटलं, येते की. त्याच दुपारी येते, असंही म्हटलं, म्हणजे तयारी करायला तिला वेळ मिळू नये.

धायरीत तेव्हाही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारती उठल्या होत्या, पण मधेमधे ज्वारीचे तुकडे होते, ओढा होता, आणि ओढ्याच्या कडेला छबूताईचा पत्र्याचा गोठा होता. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि माझ्या अंगावर राजहंस आला. म्हणजे छबूताई त्याला राजहंस म्हणायची. पांढरं, जाडजूड धूड, चोचीच्या मुळाशी गाठ, मान जमिनीलगत लांब केलेली आणि नागासारखा फुत्कार. मी पर्स मधे धरली. त्याने पर्सचा बंद पकडला आणि ओढला. छबूताई धावत आली आणि त्याला बाजूला घेत म्हणाली, तुमची वळख न्हाई त्याला. असे चार होते. दोन वर्षांपूर्वी गोठ्यातून पेंडीची पोती गेली, तेव्हा तिने बाजारातून राखणीला आणले होते. कुत्रं भाकरी टाकली की गप बसतं, ह्ये गप बसत न्हाईत, असं तिने सांगितलं.

हे राजहंस नव्हेत, पाळीव कलहंस आहेत, यांची मूळ जात वेगळी, असं मी तिथेही सांगितलं. असंल, असं ती म्हणाली. एक मादी टोपलीखाली पेंढ्यावर अंड्यांवर बसली होती. महिनाभर तिने असंच बसायचं आणि नराने अंड्यांवर न बसता फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यावर संशय घेत उभं राहायचं, अशी त्यांच्यात वाटणी असते. तो नर तिथून हलेना. माझ्यावरची त्याची नजरही हलेना. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे मी बघते तसं बघत होतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

छबूताईने चरवी माझ्यासमोर उलटी केली. मी आत हात फिरवला, कोरडी होती. तिने चांदीची कास धुतली आणि फडक्याने कोरडी केली. ते फडकं पिळून बघावं असंही माझ्या मनात आलं. मग धारा सुरू झाल्या, आधी पितळेवर टणटण, मग फेसात मऊ. चांदी डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती. तिचं रेडकू दावणीला ओढ देत होतं. दूध चरवीच्या गळ्याशी आलं. मी उंच भांडं पुढे केलं, त्यात दूध घेतलं, आणि काच सोडली.

ती खाली गेली. घरी गेली होती त्याहूनही खाली.

माझ्या डोळ्यादेखत कासेतून आलेल्या दुधात पाणी आहे, असं माझी काच सांगत होती. हातातलं भांडं ऊन होतं. तळव्याला ऊब लागत होती, दुधावर फेस होता, आणि मला शिंदेमामा आठवले. दूध निवू द्या हां मॅडम. ऊन दूध विरळ असतं, त्यात धारेची हवा कोंडलेली असते, काच त्यात बुडणारच. थंडीत कुडकुडत, गोधडीत बांधून, ही बाई जे जपून माझ्या दारात आणत होती, त्या उबेलाच मी पाणी ठरवलं होतं.

“किती आलं?” छबूताईने विचारलं. गुडघ्यावर हात ठेवून ती खुणेकडे बघत होती. तिला खुणा वाचता येत नव्हत्या. माझं तोंड बघून ती वाचत होती.

माझी चूक झाली, एवढे तीन शब्द होते. मी मुलांना तीस वर्षं सांगत आले की प्रयोग चुकला तर चुकला असं वहीत लिहा. मी काच पुसली, फडक्यात गुंडाळली आणि म्हटलं, “तुम्ही पाणी घालत नाही हे बघितलं मी. पण तुमच्या म्हशीचं दूधच मुळात पातळ आहे.”

छबूताईने चांदीकडे बघितलं. मग मला म्हणाली की बरं झालं बाई तुम्ही आलात, आता कळलं तरी. येताना तिने मला डबाभर दूध दिलं. घरी आल्यावर मी तो डबा गार पाण्याच्या परातीत ठेवला. दिवेलागणीनंतर काच पुन्हा सोडली. ती उंच तरंगली, अगदी दुधाच्या खुणेवर. ह्यांनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, काय निघालं. मी म्हटलं, काही नाही, आणि त्या दुधाची खीर केली.

पाटी मी काढली, पण फोटो कुठून काढणार? तो फिरत राहिला. एकेका इमारतीने छबूताईला नको म्हटलं. आमच्याकडची सहा घरंही पिशवीच्या दुधावर गेली. मी मात्र तिच्याकडूनच घेत राहिले आणि तेवढ्याने भरपाई होते आहे असं स्वतःला सांगत राहिले. हंसांच्या कुळात एक गोष्ट असते. वर्षातून एकदा त्यांची उडायची सगळी पिसं एकदम झडतात. बाकीच्या पक्ष्यांची एक-एक करून जातात, यांची एकाच वेळी. मग ते काही आठवडे उडू शकत नाहीत आणि लव्हाळ्यांत दडून राहतात. त्या महिन्यांत मी शेजाऱ्यांना टाळून जिना उतरायचे. राजहंस म्हणून कुणी हाक मारली की हसायचे. न हसावं तर कारण सांगावं लागलं असतं.

शिमगा झाल्यावर एका सकाळी छबूताई रिकाम्या किटल्या घेऊन आली. चांदी विकली म्हणाली. सरकी घातली, पेंड बदलली, डॉक्टर आणला, पण बाईंनी काच घालून सांगितलं म्हटल्यावर नुसती खाणारी म्हस ठेवून करायचं काय. घरात रेडकासकट सगळे रडले. आता दोनच म्हशी राहिल्या, तेवढ्यासाठी पेठेत यायला परवडत नाही. “लोकं तुमच्या नावानं बोलत व्हती. म्या म्हनलं, बाईंनी खोटं न्हाई लिव्हलं. माझी म्हसच तशी व्हती.” मी दारात पातेलं घेऊन उभी होते. तेव्हाही मला बोलता आलं असतं.

ती यायची बंद झाली त्यानंतर महिन्याभराने मी दुसरी पाटी लिहिली. ‘दुधाविषयीची आधीची पाटी चुकीची होती. दूध शुद्ध होते.’ त्याच अक्षरात, त्याच जागी टांगली. साठेकाका जिन्यात थांबले, दोनदा वाचली आणि पोट धरून हसले. बाई, ही तर पहिल्याहून तिखट झालीय, म्हणाले. सरळ लिहिलेलं सरळ वाचायची आमच्याकडे कुणाला सवयच राहिलेली नाही. मी त्यांच्याबरोबर हसले. याहून वाईट मी आयुष्यात काही केलं असेल तर मला आठवत नाही.

पहिल्या पाटीचा फोटो अजून फिरतो. यंदा पहिली थंडी पडली त्याच दिवशी भाचीने पाठवला, मावशी हे बघ कसलं भारी म्हणून. तिला ठाऊक नाही अक्षर कुणाचं आहे.

खडकवासल्याहून परतताना धायरीच्या फाट्याशी मी ह्यांना गाडी वळवायला सांगितली. कशाला, असं त्यांनी विचारलं. काम आहे, म्हटलं. ते गाडीतच पक्ष्यांच्या नोंदी लिहीत बसले. ओढ्याला भिंत घातली होती, गोठ्याच्या जागी सात मजली इमारत होती. त्या जागेच्या बदल्यात छबूताईच्या घराला तिथेच पहिल्या मजल्यावर मोठा फ्लॅट मिळाला होता. दार तिनेच उघडलं. केस सगळे पांढरे झाले होते, पण ओळखलं लगेच. हात धरून आत नेलं, सोफ्यावर बसवलं. राजहंसांचं विचारलं, तर म्हणाली, नव्या बिल्डिंगवाल्यांनी आवाजाची तक्रार केली, पोराच्या सासुरवाडीकडं धाडले. सून पिशवीचं दूध आणते, त्याला वासच नाही, असंही म्हणाली. इतक्या वर्षांनी माझ्या घराला बाईंचे पाय लागले म्हणून तिने आतमध्ये चहाचं आधण ठेवलं, आलं किसून घातलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

मी सगळं सांगितलं. ऊन दूध, काच, शिंदेमामा, परातीतलं गार पाणी. वर्गात सांगावं तसं क्रमाने सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला सांगता आलं नसतं.

“म्हंजी चांदीचं दूध चांगलं व्हतं?” तिने शेवटी विचारलं.

“चांगलं होतं.”

“तुमाला कवा कळलं ह्ये?”

इथे मला अजूनही खोटं बोलता आलं असतं. परवा कळलं म्हटलं असतं, पुस्तकात वाचलं म्हटलं असतं, आणि तिने विश्वास ठेवला असता. तिने माझ्यावर नेहमीच ठेवला होता.

“त्याच दिवशी,” मी म्हटलं. “संध्याकाळी.”

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. चहाला उकळी येत होती, आल्याचा वास बाहेरपर्यंत आला होता. गॅस बंद केल्याचा आवाज आला. मी कपांच्या आवाजाची वाट बघत बसले. छबूताई रिकाम्या हाताने बाहेर आली, माझ्यासमोरून दारापर्यंत गेली, वाकली आणि माझ्या चपला तोंड बाहेर करून सरळ लावून ठेवल्या.